चित्रकोडे : डोळ्यांनी पाहावे, कानांनी वाचावे

एका कागदावर फणा काढलेला नाग रेखाटला आहे. त्याच्या शेजारी काठावरची घरे बुडवीत वाहणारी नदी आहे. खाली एवढाच प्रश्न आहे : गाव ओळखा. मोठी माणसे बहुधा विचारात पडतात. नाग पुरातून वाहून आला काय, नदीकाठी त्याचे वारूळ आहे काय, असे तर्क करू लागतात. पाचवीतले एखादे मूल मात्र चित्रांची नावे मोठ्याने उच्चारते, ‘नाग... पूर’, आणि लगेच हसते. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसामुळे जे नगर आपल्या घराघरांत आदराने आठवले जाते, तेच त्याचे उत्तर असते.

अशा कोड्यास चित्रकोडे म्हणतात. इंग्रजीत त्याला ‘रिबस’ असे नाव आहे. हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘वस्तूंच्या द्वारे’ असा होतो. वस्तूचे चित्र काढायचे, परंतु त्या वस्तूविषयी काहीच सांगायचे नाही. केवळ तिच्या नावाचा ध्वनी उसना घ्यायचा, ही त्यातील युक्ती होय. ती नीट समजली की अवघड कोडीही सुटू लागतात. त्यासाठी पुढील चार नियम ध्यानी ठेवावेत.

पहिला नियम : अर्थ सोडावा, ध्वनी धरावा. नागपूर, चंद्रपूर, कोल्हापूर या नावांतील ‘पूर’ म्हणजे नगर. नदीच्या पुराशी त्याचा काही संबंध नाही. तरीही कोडे घालणारा खुशाल पूर आलेली नदी काढतो. जीभ आणि उघडे दार अशी दोन चित्रे दिसली, तर जिभेने ‘चव’ घ्यावी आणि दाराचे ‘दार’ घ्यावे. २० मार्च १९२७ रोजी ज्या तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, त्या तळ्याचे नाव हाती येते. त्या नावातील ‘दार’ हा ‘असलेले’ या अर्थाचा प्रत्यय आहे. परंतु कानाला हा भेद कळत नाही, आणि कोडे कानासाठीच असते.

दुसरा नियम : प्रत्येक चित्राची निदान तीन नावे लिहावीत. पाण्याची लाट आणि चार घरांची वस्ती अशी चित्रे आहेत असे समजा. ‘पाणी’ घेऊन काही जुळत नाही, ‘नीर’ घेऊनही जुळत नाही. ‘जळ’ हे नाव सुचताच जळगाव सापडते. हात म्हणजे करही होतो, डोळा म्हणजे नेत्रही होतो. उलट ‘पान’ हा एकच शब्द झाडाचे पान, विड्याचे पान, पुस्तकाचे पान आणि जेवणाचे वाढलेले पान अशा चार चित्रांनी दाखवता येतो. म्हणून पहिल्या नावावर अडून बसणे हेच कोडे न सुटण्याचे सर्वांत मोठे कारण ठरते.

तिसरा नियम : खुणा आणि जागा यांनाही शब्द समजावे. बगळ्याचे चित्र असून शेजारी ‘ब’ हे अक्षर खोडलेले असेल, तर उरतो तो ‘गळा’. ‘नाक’ या शब्दाच्या वर ‘राग’ लिहिला असेल, तर ‘नाकावर राग’ असे वाचावे. येथे ‘वर’ हा शब्द कोठेही लिहिलेला नसतो. कागदावरील जागाच तो बोलते.

चौथा नियम : उत्तर मोठ्याने म्हणून पाहावे, आणि कोडे घालणारा ते कसे म्हणेल याचा विचार करावा. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. तो पटण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

चित्रकोड्याची युक्ती हा केवळ खेळ नाही; लेखनकलेच्या जन्माशी तिचे नाते आहे. इजिप्तमध्ये इ. स. पू. ३१०० च्या सुमारास होऊन गेलेल्या एका राजाचे नाव दगडी पाटीवर मिशांचा मासा आणि छिन्नी या दोन चित्रांनी कोरलेले आहे. त्यांचे ध्वनी ‘नर’ आणि ‘मेर’. राजाचे नाव नरमेर. राजाचे नाव मासा काढून लिहिता येते, हे ज्याला प्रथम सुचले त्याने फार मोठी झेप घेतली. डोळ्यांना न दिसणारी गोष्टही आता लिहिता येऊ लागली. सुमेर देशात बाण आणि जीवन या दोहोंना ‘ती’ असाच ध्वनी होता. जीवनाचे चित्र कसे काढणार? तेथील लेखनिकांनी बाण काढला.

पुढे इजिप्तची ही लिपी वाचणारे कोणी उरले नाही. शतकानुशतके विद्वान त्या चित्रांत गूढ तत्त्वज्ञान शोधत राहिले. म्हणजे ध्वनी सोडून अर्थाच्या मागे लागले. १७९९ मध्ये तीन लिप्यांतील लेख असलेला रोझेटा येथील शिलालेख सापडला, आणि १८२२ मध्ये फ्रेंच पंडित शांपोलियन यांनी कोडे सोडवले. त्यांच्यापाशी एक विशेष साधन होते. इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत टिकून राहिलेली कॉप्टिक भाषा त्यांनी तरुणपणीच आत्मसात केली होती, आणि ती प्राचीन इजिप्शियन भाषेचीच वंशज होती. एका राजनामात त्यांना सूर्याचे वर्तुळ दिसले. कॉप्टिकमध्ये सूर्याला ‘रे’ म्हणतात. तो ध्वनी पुढील चिन्हांच्या ध्वनींना जोडताच रामसेस हे नाव उभे राहिले. ज्या लोकांनी ती चित्रे काढली, त्यांच्या वंशजांच्या तोंडची भाषा शांपोलियन यांनी कान देऊन ऐकली होती.

ही गोष्ट मला फार उशिरा समजली. नवखा शिक्षक असताना मी मुलांना स्वतःची चित्रकोडी तयार करून आणण्यास सांगितले होते. विदर्भातील एका खेड्यातून आलेल्या मुलाने झाडाचे पान काढले, त्यापुढे ‘ई’ हे अक्षर लिहिले आणि खाली ‘तहान लागल्यावर आठवते’ अशी सूचना दिली. मी तांबड्या शाईने फुली मारली आणि लिहिले, ‘पाणी असा शब्द आहे.’ वर्ग हसला. त्या मुलाने वर्षभर पुन्हा एकही कोडे काढले नाही.

त्याच्या घरी ‘पानी’ म्हणत असत. त्याच्या कानाला त्याचे कोडे अचूक होते; चित्रकोड्याच्या नियमाने तर निर्दोष होते. चौथा नियम मलाच ठाऊक नव्हता. प्रमाणलेखन शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, आणि ‘न’ व ‘ण’ यांतील भेद त्यालाही शिकवायलाच हवा होता. परंतु आधी ‘कोडे उत्तम आहे’ असे म्हणून मग ‘लिहिताना मात्र असे लिहितात’ असे सांगता आले असते. या दोन वाक्यांच्या क्रमात एका मुलाचे वर्ष होते. निवासी शाळेत एका ओळीत जेवायला बसणारी मुले कितीतरी जिल्ह्यांच्या बोली घेऊन येतात. त्यांच्या शिक्षकाला ही जाण सर्वाधिक हवी.

आता वाचकांसाठी चार कोडी देतो. पहिले : ‘म’ हे अक्षर आणि एक हाड. दुसरे : ७ हा आकडा आणि चाकाचा एक आरा. तिसरे : झाडाचे पान आणि नांगरलेले शेत. चौथे : नुसते एक कारले, आणि सूचना ‘लोणावळ्याजवळची लेणी’.

उत्तरे अशी : महाड, सातारा, पानशेत आणि कार्ले. शेवटच्या कोड्यात लेखन वेगळे असले तरी उच्चार जुळतो, हे ध्यानात आलेच असेल.

पालकांना एक विनंती आहे. ही कोडी मुलांना घालाच. पण त्यानंतर मुलांनी तुमच्या घरच्या बोलीतील एक कोडे तुम्हांला घालावे. ते सुटले नाही, तर चूक शोधण्यापूर्वी त्यांना एवढेच सांगावे, ‘बाळा, एकदा मोठ्याने म्हणून दाखव.’