गाडी अधूनमधून बंद पडते? आधी वही काढा, मग पैसे



आपल्या काही गटांनी कर्ज काढून जुनी व्हॅन घेतली आहे. मसाला, पापड, भाजी आठवडी बाजाराला न्यायची तर गाडी हाताशी हवीच. पण जुन्या गाडीचं एक दुखणं ठरलेलं असतं. एक दिवस सेल्फ मारला की लगेच सुरू होते, दुसऱ्या दिवशी मारून मारून थकलं तरी नाही. कधी चालता चालता रस्त्यातच बंद. आणि गॅरेजला नेली की शहाण्या लेकरासारखी चालते! असा बिघाड शोधायला अवघड, म्हणून त्यावरच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

आमच्या गटाचंच सांगते. गाडी बंद पडायला लागली तेव्हा आधी बॅटरी बदलली, मग प्लग बदलले, मग टाकीतला पेट्रोलचा पंप. तीन वेळा खर्च झाला, तरी गाडी बंद पडतच राहिली. एका बाजाराचा माल वाटेतच राहिला. लोक म्हणाले, "बाईला गाडी जमत नाही." आमची चालवणारी ताई पहिल्या दिवसापासून सांगत होती, "खड्ड्यात आपटली की बंद पडते, आणि तेव्हा समोरचे दिवेपण विझतात." पण ते कुणी मनावर घेतलं नाही आणि लिहूनही ठेवलं नाही. शेवटी एका मिस्त्रीने तिला नीट विचारलं आणि थेट अर्थिंगची वायर पाहिली. बोल्ट ढिला होता, खाली गंज होता. घासून आवळला, काम झालं. दोष ना गाडी चालवण्यात होता, ना पंपात.

म्हणून आजचा धडा: अंदाजाने पार्ट बदलू नका. आधी लक्षण लिहा, मग तपासा, मग बदला. हा पाठ पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, तिची तपासणी वेगळी.

१. गाडी नक्की काय करते?

"सुरू होत नाही" एवढं सांगून भागत नाही. तीन गोष्टी वेगळ्या ओळखा.

*सेल्फ फिरतच नाही, नुसतं टक-टक होतं.* हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं कनेक्शन खराब आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि आवाजही नाही, तर सेल्फची मोटर, तिची रिले किंवा चावीचा स्विच बघायला सांगा.

*सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही.* बॅटरी ठीक आहे. आता दोनच मोठे प्रश्न उरतात: पेट्रोल पोचतं का, आणि प्लगला ठिणगी मिळते का?

*चालता चालता बंद पडते.* तेव्हा कधी, कुठे, किती वेळाने, हे सगळ्यात महत्त्वाचं.

२. आपण स्वतः काय बघू शकतो?

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे का? टोक हाताने हलतं का? साफ करताना चावी बंद ठेवा, हातमोजे घाला. आधी वजा (–) टोक काढा, जोडताना तेच शेवटी लावा. खायच्या सोड्याचं पाणी आणि जुना ब्रश पुरे. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वाळलं की टोकं जोडून घट्ट आवळा आणि वरून थोडं व्हॅसलिन लावा. बॅटरीजवळ काडी, उदबत्ती, विडी नको. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

गटात एक साधा मल्टिमीटर असू द्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसतात. 12 च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नाही. मग नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणारच.

इंजेक्शनवाल्या गाडीत चावी 'ऑन' केली की टाकीकडून दोन-एक सेकंद बारीक घूंऽऽ आवाज येतो. तो पंप. आवाज नाही आला तर लगेच पंप बदलू नका. आधी फ्यूज आणि रिले बघायला सांगा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. त्या जागी तार घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

चावी 'ऑन' केल्यावर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. चालताना तो पेटून राहिला तर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड वाचून घ्या.

सीएनजी गाडी असेल तर सोपी युक्ती आहे. गॅसवर चालते पण पेट्रोलवर बंद पडते? मग दोष पेट्रोलच्या वाटेत. दोन्हीवर बंद पडते? मग करंट आणि ठिणगीची बाजू आधी बघा. गॅसचा वास आला तर मात्र काहीच चाचणी करू नका. गाडीतून उतरा, लांब व्हा, जाणकाराला बोलवा.

प्लगची वायर हातात धरून ठिणगी बघायची नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात. ते काम मिस्त्रीचं.

३. "कधी" वरून "काय" कळतं

- गरम झाली की बंद, अर्ध्या तासाने आपोआप सुरू: क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल किंवा थकलेला पंप.
- खड्ड्यात आपटली की बंद: ढिली वायर, अर्थिंग, चावीचा स्विच.
- पावसात किंवा धुतल्यावर बंद: प्लगच्या वायर, कॉइल, तडकलेली कॅप. ओल शिरते.
- चढावर किंवा वेगात दम तोडते: पेट्रोल फिल्टर तुंबला किंवा पंप कमजोर.
- पाय काढला, गाडी थांबली की बंद: थ्रॉटल बॉडीत काजळी, आयडलिंगचा वॉल्व्ह किंवा फाटलेला हवेचा पाइप.

हे अंदाज आहेत, निकाल नव्हे. पण कुठून तपासायला सुरुवात करायची ते यावरून कळतं. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नका. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

४. गाडीची वही

आपण बचतीची नोंद ठेवतो, तशी गाडीचीही ठेवा. चालवणारीने त्याच दिवशी लिहावं: तारीख आणि वेळ, इंजिन थंड की गरम, किती किलोमीटर चालल्यावर, ऊन की पाऊस, रस्ता कसा, टाकीत पेट्रोल किती, कोणता दिवा लागला किंवा विझला, परत किती वेळाने सुरू झाली. चार-पाच नोंदी झाल्या की मेळ दिसायला लागतो. गॅरेजला जाताना वही न्या. मिस्त्रीला विचारा, "दादा, हा पार्ट खराब आहे हे कशावरून? कसं तपासलंत?" तपासणीची मजुरी द्यायला कां-कूं करू नका, ती वाया जात नाही. बदललेला जुना पार्ट आणि बिल मागून घ्या, खर्च बैठकीच्या इतिवृत्तात लिहा.

५. रस्त्यात बंद पडली तर

घाबरू नका. इंजिन बंद पडलं की ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं, पण काम करतं. ब्रेक एकदाच जोर लावून दाबून धरा, वारंवार दाबू-सोडू नका. गाडी चालत असताना चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा, बाकीच्या बायकांना रस्त्यापासून लांब उतरवा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर बॅटरीही जाईल आणि सेल्फही.

पुढच्या बैठकीत चर्चा करा

१. आपली गाडी मागच्या तीन महिन्यांत किती वेळा बंद पडली? काय काय बदललं? कशावरून बदललं?
२. गाडीची वही कोण ठेवणार?
३. चालवणाऱ्या ताईचं म्हणणं आपण बैठकीत ऐकतो का?

तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ द्या. गाडीसोबत रोज असते तीच. तिचं दुखणं पहिलं तिलाच कळतं.