मैदानावरची शिक्षिका : पॅट समिट

बास्केटबॉलच्या मैदानावर चेंडू रिंगमध्ये गेला की गुण मिळतो, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. या खेळातून एक मुलगी कशी घडली आणि पुढे तिने कितीतरी मुलींना कसे घडवले, याचा अभ्यास आम्ही या लेखात करणार आहोत. पालक आणि विश्वस्त मंडळींनीही तो आमच्याबरोबर करावा, कारण या कथेतील महत्त्वाचे निर्णय मोठ्यांनी घेतलेले आहेत.

घर आणि शाळा

पॅट समिट यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. माहेरचे आडनाव हेड. तीन थोरले भाऊ, एक धाकटी बहीण. दिवसभर शेतातली कामे आणि रात्री गवताच्या माळ्यावर भावांबरोबर बास्केटबॉल, असे त्यांचे बालपण गेले. लहान बहीण म्हणून भावांनी कधी सवलत दिली नाही.

पुढे अडचण आली. गावच्या माध्यमिक शाळेत मुलींचा संघच नव्हता. तेव्हा वडिलांनी शेजारच्या जिल्ह्यात, जिथल्या शाळेत मुलींचा संघ होता तिथे, बिऱ्हाड हलवले. मुलीच्या खेळासाठी घर बदलणारे वडील त्या काळी अमेरिकेतही विरळाच होते.

महाविद्यालयात जाताना मात्र भेद दिसला. भावांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या. पॅट यांची फी आईवडिलांनी भरली, कारण त्यांच्या महाविद्यालयात मुलींना तशी शिष्यवृत्तीच नव्हती.

बाविसाव्या वर्षी प्रशिक्षक

१९७४ साली, शेवटच्या वर्षाला असताना, गुडघ्याचा लिगामेंट तुटला. खेळ संपला असे अनेकांना वाटले. त्याच वर्षी त्या टेनेसी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी आल्या. तेथील महिला संघाच्या प्रशिक्षिका अचानक गेल्या आणि बाविसाव्या वर्षी ती जबाबदारी पॅट यांच्यावर पडली. काही खेळाडू त्यांच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान होत्या.

पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवीत आणि खेळाडूंचे गणवेशही त्याच धूत. ते गणवेश आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. हॉटेलला पैसे नसत, म्हणून एकदा संघ प्रतिस्पर्ध्यांच्याच व्यायामशाळेत चटया टाकून झोपला. पहिला सामना एका गुणाने हरले, ८४ विरुद्ध ८३.

हे सर्व सांभाळून त्यांनी गुडघा बरा केला. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्या अमेरिकेच्या संघात होत्या आणि संघाने रौप्यपदक मिळवले. १९८४ साली लॉस एंजेलिसला त्याच देशाच्या संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या प्रशिक्षक होत्या.

कायद्याचा आधार

१९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, असे त्याने ठरवून दिले. खेळही त्यात आला. हळूहळू मुलींना शिष्यवृत्त्या, प्रवासखर्च आणि चांगली मैदाने मिळू लागली. समिट यांची गुणवत्ता निर्विवाद होती, पण ती फुलायला संस्थांच्या अंदाजपत्रकात मुलींसाठी रक्कम असावी लागली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

शिकवण्याची रीत

समिट कडक होत्या. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे आणि विनापरवानगी गैरहजर राहायचे नाही, असा त्यांचा नियम होता. त्यांच्याकडे खेळण्याची सर्व वर्षे पूर्ण केलेली प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली. आमच्या मते त्यांच्या सर्व चषकांहून हा विक्रम मोठा आहे.

टमिका कॅचिंग्ज या खेळाडूला जन्मापासून कमी ऐकू येई. मुले चिडवत म्हणून लहानपणी तिने श्रवणयंत्र फेकून दिले होते. समिट यांनी समजूत घालून तिला ते पुन्हा वापरायला लावले. पुढे तिने चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. आपल्याकडे असत्या, तर मुलींनी समिट यांना ‘बाई’च म्हटले असते.

३८ हंगामांत त्यांच्या संघाने १,०९८ सामने जिंकले, २०८ गमावले आणि ८ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. १९९७-९८ च्या हंगामात संघ ३९ पैकी ३९ सामने जिंकला. एकूण विजयांचा त्यांचा आकडा नंतर इतर प्रशिक्षकांनी ओलांडला.

शेवटचा धडा

ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, आपल्याला स्मृती नष्ट करणारा अल्झायमर हा आजार झाल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले. लपवून ठेवले नाही. आणखी एक हंगाम सहकाऱ्यांच्या मदतीने पूर्ण केला आणि २०१२ साली संघ आपल्याच एका जुन्या खेळाडूच्या, हॉली वॉरलिक यांच्या, हाती सोपवला. या आजारावरील संशोधनासाठी निधीही उभारला. २८ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

दहावीचे वर्ष आले की आपल्याकडे सर्वांत आधी बंद होतो तो खेळ, आणि त्यातही मुलीचा अगोदर. अभ्यास बुडेल ही पालकांची काळजी आम्ही समजू शकतो. पण खेळ आणि पदवी एकत्र नांदू शकतात, हे समिट यांनी ३८ वर्षे दाखवून दिले. तेव्हा मुलीचे मैदान बंद करण्यापूर्वी तिच्याशी एकदा सविस्तर बोलावे, एवढीच आमची विनंती आहे.

विचार करा आणि लिहा

१. वडिलांनी बिऱ्हाड हलवले नसते, तर काय झाले असते?
२. पहिल्या तीन रांगांत बसण्याच्या नियमामागे कोणता हेतू असावा?
३. आपल्या शाळेत मैदान मुलांना किती वेळ मिळते आणि मुलींना किती? आठवडाभर नोंद करा आणि ती वर्गशिक्षकांना दाखवा.