बिदर: शहर आणि विद्यार्थ्याची फाइल

बिदर हे कर्नाटकाच्या उत्तर टोकाचे जिल्ह्याचे ठिकाण. एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला तेलंगणा. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून (आजच्या कलबुर्गीहून) राजधानी येथे आणली. वजीर महमूद गवान इराणातील गिलानचा. त्याने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा हे शहराचे सर्वांत मोठे शैक्षणिक स्मारक. १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा बराच भाग ढासळला, तरी उरलेल्या मिनारावरची निळ्या-हिरव्या टाइल्स आजही पाहण्यासारख्या आहेत. जस्त-तांब्याच्या काळ्या धातूत चांदी ठोकून बसवलेले बिदरी काम किल्ल्याइतकेच प्रसिद्ध आहे.

कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा येथील बाजारात सर्रास चालतात. शाळा-कॉलेजांच्या खिडकीवर मात्र राज्य पाहिले जाते. त्याचे मूळ १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आहे. हैदराबाद राज्यातला जुना बिदर जिल्हा त्या दिवशी तिघांत वाटला गेला: उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याकडे, जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे, बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे. सोयरिकी, शेती आणि आठवडी बाजार पूर्वीसारखेच राहिले. भालकीचा मुलगा आजही बारावी आणि नीटच्या तयारीसाठी उदगीर-लातूरला जातो. रेल्वेने हा एकाच मार्गावरचा प्रवास आहे. कागदोपत्री तो परराज्यातला विद्यार्थी होतो.

त्याची फाइल दोन्हीकडे भरावी लागते. कर्नाटकाच्या प्रवेशांसाठी सर्वसाधारण अट अशी की पहिली ते बारावीतील किमान सात वर्षे राज्यात शिकलेली असावीत आणि दहावी किंवा बारावीपैकी एक परीक्षा येथून उत्तीर्ण असावी. लातूरला केवळ दोन वर्षे गेलेला विद्यार्थी या अटीत बसतो, पण सात वर्षांचा अभ्यास दाखला प्रत्येक शाळेकडून घ्यायचा आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आणायची असते. प्राथमिक शाळा एका गावी, हायस्कूल दुसऱ्या तालुक्यात असले की फेऱ्या दुप्पट होतात. ही सगळी धावपळ निकाल आणि समुपदेशन यांमधल्या मोजक्या दिवसांत उरकावी लागते.

दुसरे प्रमाणपत्र घटनेच्या ३७१ (जे) अनुच्छेदाचे. २०१२ च्या अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ आणि बळ्ळारी या भागासाठी शिक्षण व नोकरीत स्थानिकांना आरक्षणाची वाट मोकळी केली. या भागातील शिक्षणसंस्थांत सत्तर टक्के आणि राज्यस्तरीय संस्थांत आठ टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या जातात. लाभ मोठा आहे, त्यामुळे उपविभागाच्या सहायक आयुक्तांच्या कचेरीत गर्दीही मोठी असते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मात्र वेगळ्या दारी, नाडकचेरीत मिळतो, आणि त्यावरचा आर. डी. क्रमांक पुढच्या अर्जांत विचारला जातो. एकाच तालुक्यात जन्म, शाळा आणि घर असलेल्याचीही या दोन कचेऱ्यांतून सुटका नाही.

महाराष्ट्राचा दरवाजा निराळा. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या दाव्यात महाराष्ट्राने ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे. त्यांत बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील गावेही आहेत. अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषकांसाठी ‘ई’ प्रकार आहे. तेथील शाळेतून दहावी वा बारावी उत्तीर्ण, किंवा तेथे पंधरा वर्षे वास्तव्य, आणि मातृभाषा मराठी, अशी त्याची अट. घरात मराठीच बोलली जाते, हेही येथे दाखल्याने सिद्ध करावे लागते! शिवाय वादग्रस्त गावांच्या यादीतल्या आणि यादीबाहेरच्या दोन शेजारच्या गावांतल्या मुलांचा हक्क सारखा नसतो. अर्ज भरण्यापूर्वी आपले गाव यादीत आहे का, हे पाहून घेणे बरे.

नावाचा घोळ वेगळाच. कर्नाटकाच्या गुणपत्रिकेत पुष्कळदा आद्याक्षर आणि नाव, आधारवर वडिलांच्या नावासह आडनाव. मग प्रतिज्ञापत्र करावे लागते. जातीचा दाखला तर राज्याची हद्द ओलांडतच नाही: कर्नाटकात मराठा समाज ३-ब प्रवर्गात आहे, महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्याने त्याला स्वतंत्र दहा टक्के आरक्षण दिले, पण बिदरचा दाखला त्या आरक्षणासाठी तेथे चालत नाही. ज्यांचे आजोबा १९५६ नंतर उदगीरकडे गेले, त्यांना जातीची जुनी नोंद शोधत निजामकालीन उर्दू कागदांपर्यंत जावे लागते, आणि ते वाचणारा मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

या सगळ्यातून थोडी सुटका कलबुर्गी जिल्ह्यात आहे. आळंद तालुक्यातील कडगंची येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचे प्रवेश अखिल भारतीय परीक्षेवर होतात. तेथे वास्तव्याची वर्षे कोणी मोजत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्गाने कलबुर्गी गाठता येते. पुढचा रस्ता बसचा.