वाहिनी, वर्गणी आणि परभणीचा प्रेक्षक

दूरचित्रवाणीच्या एखाद्या वाहिनीवर प्रेक्षकाची माया जडते ती तिच्या कार्यक्रमांमुळे जितकी, तितकीच घराच्या दिनक्रमामुळेही जडते. शेतावरून माणसे परतली, भाकरी टोपल्यात पडल्या आणि ताटे वाढली गेली की अमुक मालिका लागायची, असा क्रम एकदा बसला म्हणजे ती वाहिनी घरातल्या माणसासारखी होते, आणि मग तिचा दर्जा उतरू लागला तरी ते ध्यानात यायला बराच काळ जातो. परभणी जिल्ह्यात, जिथे नाटकाचा प्रयोग ही तालुक्याच्या गावीही वर्षातून क्वचित घडणारी गोष्ट आहे, तिथे ही माया अधिकच घट्ट असते. प्रस्तुत लेखकाचे कुटुंब अशाच एका वाहिनीसमूहाचे, म्हणजे एकाच कंपनीच्या मालिका, चित्रपट, संगीत अशा निरनिराळ्या वाहिन्यांच्या संचाचे, सुमारे पंधरा वर्षे निष्ठेने प्रेक्षक होते. त्या समूहाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. त्या कुटुंबाकडून ज्या चुका झाल्या त्या कोणत्याही समूहाच्या प्रेक्षकाकडून होऊ शकतात, आणि त्या टाळता येतात, एवढेच सांगायचे आहे.

या चुका समजण्यासाठी वर्गणीची रीत कशी बदलत गेली हे आधी पाहावे लागते. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तरी मराठवाड्यातील बहुतेक गावांत चित्र पोचायला ऐंशीचे दशक उजाडले. तेव्हा एकजण माळवदावर अँटेना फिरवी आणि दुसरा खालून ‘मुंग्या गेल्या’ असे ओरडून सांगे. निवडीला वावच नव्हता. पुढे १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी ही खासगी वाहिनी सुरू झाली, हळूहळू अशा मराठी वाहिन्यांची संख्या वाढली, आणि केबलवाल्याला महिन्याचे ठरावीक पैसे दिले की जे दिसेल ते सगळे दिसे. ही सोय सेट-टॉप बॉक्सने संपवली. तो बसवण्यासाठी शहरी भागाला ३१ डिसेंबर २०१५ आणि ग्रामीण भागाला ३१ मार्च २०१७ या मुदती ठरल्या, आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘ट्राय’ची, नवी दररचना प्रत्यक्षात आली. या रचनेत प्रत्येक सशुल्क वाहिनीची सुटी किंमत जाहीर करणे बंधनकारक झाले आणि प्रेक्षकाला हव्या तेवढ्याच वाहिन्या निवडण्याचा हक्क मिळाला. हा हक्क मोठा होता, परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य घरांनी तो वापरलाच नाही, कारण केबलवाल्याने सुचवलेल्या तयार ‘पॅक’ला होकार देणे सोपे होते. लेखकाच्या घरानेही तेच केले.

नाराजी सुरू झाली ती मालिकांच्या लांबीवरून. जी कथा वर्षभरात पुरी व्हायची ती तिसऱ्या वर्षात गेली. मेलेले पात्र परत आले, ‘लीप’ घेतला गेला, म्हणजे कथेचा काळ एकदम पाच-सात वर्षे पुढे ढकलला गेला, आणि तरीही भांडण तेच राहिले. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट भाषेची होती. ‘जायलो’, ‘करायलो’ ही परभणीकडची रोजची क्रियापदे त्या वाहिनीच्या पडद्यावर आलीच तर घरगड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी आली, आणि गावाकडचा नायक मात्र नेहमी पश्चिम महाराष्ट्राच्या ढंगाने बोलत राहिला. सोयाबीनची रास भिजल्यावर घरात जी शांतता पसरते, ती त्या मालिकांतल्या एकाही शेतकऱ्याच्या घरात कधी पसरली नाही. ज्या जिल्ह्यात कृषी विद्यापीठ आहे, जिथे ‘परभणी मोती’ हे ज्वारीचे वाण घरोघर ठाऊक आहे, तिथल्या प्रेक्षकाला हे परकेपण जाणवले नाही तरच नवल.

जाहिरातींविषयीची तक्रार मात्र केवळ भावनेवर सोडून चालत नाही, ती मोजावी लागते. लेखकाच्या घरात एका आठवड्यात रात्री आठ ते नऊ हा तास मनगटी घड्याळ लावून मोजला गेला आणि आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत पेन्सिलीने लिहिले गेले: जाहिराती आणि त्याच वाहिनीच्या इतर मालिकांच्या झलका मिळून कधी अठरा, कधी वीस मिनिटे भरली. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ यांनुसार तासाला बारा मिनिटांची मर्यादा आहे, दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींना आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीला. ही मर्यादा काटेकोरपणे लागू करण्याचा ट्रायने २०१३ मध्ये प्रयत्न केला तेव्हा वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या; त्यामुळे या मुद्द्यावरच्या तक्रारीला झटपट फळ येईल अशी अपेक्षा ठेवू नये, पण दिनांक आणि मिनिटे लिहून ठेवलेली तक्रार नुसत्या ‘फार जाहिराती दाखवता’ या वाक्यापेक्षा निश्चितच वजनदार ठरते.

एवढी चीड असूनही ती वाहिनीपर्यंत का पोचत नाही, याचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. ज्याला सर्वजण टीआरपी म्हणतात तो आकडा २०१५ पासून ‘बार्क’ ही संस्था काढते. देशभरातील पन्नास हजारांहून अधिक निवडक घरांत एक यंत्र बसवलेले असते, आणि कार्यक्रमाच्या आवाजात मिसळलेली, कानाला ऐकू न येणारी खूण ओळखून ते यंत्र कोणती वाहिनी चालू आहे ते नोंदवते. ग्रामीण घरांचे आकडे या मोजणीत प्रथम आले तेच ऑक्टोबर २०१५ मध्ये. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर होती. त्यातील एखाद्या घराने संतापून संच बंद केला तर, त्या घरात हे यंत्र नसेल तोवर, तो संताप कोणत्याही आकड्यात उतरत नाही. शिवाय यंत्र असलेल्या घरातही काय चालू होते हेच नोंदले जाते, बघणारा आनंदाने बघत होता की शिव्या देत बघत होता हे नव्हे. अशा स्थितीत सामान्य घराच्या हातात उरते ती वर्गणी, आणि लेखकाच्या कुटुंबाची खरी चूक इथेच झाली: वाहिनी बघणे त्यांनी जवळजवळ सोडले, पण पॅक मात्र पुढे दीड वर्ष चालूच राहिला, आणि त्या समूहातील कधीही न लावलेल्या वाहिन्यांचे पैसे दरमहा जात राहिले.

तेव्हा वाहिनी नकोशी वाटू लागताच प्रथम बिल उघडावे. बिलात दोन भाग असतात: जोडणीचे शुल्क आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत. २०१९ मध्ये जोडणीच्या शुल्काला १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे अशी कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आता हा आकडा आपल्या केबलवाल्याला किंवा डीटीएच कंपनीला विचारूनच खात्री करावी लागते. प्रत्येक वाहिनीची सुटी किंमत संचावर ९९९ क्रमांकाच्या वाहिनीवर पाहता येते. पॅकची किंमत आणि त्यातील आपण खरोखर बघतो त्या वाहिन्यांची सुटी बेरीज एका कागदावर शेजारीशेजारी मांडावी. पुष्कळदा एका लोकप्रिय वाहिनीच्या शेपटाला सात-आठ नको असलेल्या वाहिन्या बांधलेल्या असतात. क्वचित पॅकच स्वस्त पडतो, तेव्हा तो ठेवायलाही हरकत नाही. वर्षभराचा रिचार्ज सवलतीसाठी एकदम करू नये, कारण मन बदलले तरी वर्ष संपेपर्यंत हात बांधले जातात.

तक्रारीचा मार्ग वेगळा आहे आणि त्याची मर्यादा आधीच ओळखलेली बरी. मालिका कंटाळवाणी आहे ही नियमांच्या भाषेत तक्रार होत नाही. आशय किंवा जाहिरात ठरलेल्या संहितेच्या विरुद्ध असेल तरच ती होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रार आधी थेट वाहिनीकडे करावी लागते, वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि समाधान न झाल्यास पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील करता येते. लेखकाच्या घरातून पहिली तक्रार दूरध्वनीवर केली गेली. तिचा कुठेही माग राहिला नाही. दुसरी लेखी होती, तीत कार्यक्रमाचे नाव, दिनांक, वेळ आणि दिनदर्शिकेवरची मिनिटे होती, आणि तिला निदान उत्तर आले. ते उत्तर साचेबंद असले तरी त्यावर दिनांक होता, आणि पुढच्या पायरीला तोच लागतो. बोलीविषयीचे पत्र मात्र तक्रार म्हणून न पाठवता कार्यक्रम विभागाला उद्देशून, कोणते पात्र कोणत्या प्रसंगी कसे बोलले ते नमूद करून पाठवणे योग्य. अशी पत्रे परभणी, हिंगोली, नांदेडकडून फारशी जात नसावीत, आणि ती जायला हवीत.

वाहिनी सोडल्यावर पोकळी राहते हे खरे. ज्यांना महिन्याचे शुल्कच नको त्यांच्यासाठी दूरदर्शनची डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली निःशुल्क सेवा, आजची डीडी फ्री डिश, आहे. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की सह्याद्री वाहिनीसह अनेक वाहिन्या दरमहा पैसे न भरता दिसतात, मात्र आवडीची सशुल्क मालिका तिथे मिळेलच असे नाही. लेखकाच्या घरात पॅक काढला त्या महिन्यात सर्वांत अवघड गेले ते वृद्ध आईला. दुपारी जेवणानंतर पुनःप्रक्षेपित होणारी एकच मालिका ती बघत असे आणि तिच्यापुरती त्या मालिकेबद्दल कोणतीही तक्रार नव्हती. शेवटी संपूर्ण समूहातून ती एक वाहिनी सुटी घेतली, तिचा क्रमांक रिमोटच्या पाठीवर पांढऱ्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला, आणि बाकीच्या वाहिन्या बंद झाल्याचे केबलवाल्याकडून पावतीवर लिहून घेतले.