गळ्यातील साखळी आणि जपानी शिरस्ता

गळ्यातला दागिना चारचौघांच्या नजरेस पडावा, अशाच समजुतीत आपण वाढलेलो असतो. जपानात त्यास कोणी नावे ठेवीत नाही की मनाई करीत नाही. यजमान स्मित करून स्वस्थ राहतो, आणि तेथला शिरस्ता ध्यानी येईपर्यंत नवख्या माणसास बहुधा काही ना काही भुर्दंड पडून चुकलेला असतो.

माझी भाची पुण्याहून आली असता क्योटोच्या गिओन भागात किमोनो भाड्याने घेऊन मिरवण्याची तिला हौस वाटली. नेसविणाऱ्या बाईंनी तिच्या दुपदरी साखळीकडे एकवार पाहून एक लहानसे तबक पुढे सरकविले. ते केसांच्या आकड्यांसाठी असावे असे समजून हिने त्यात आकडे टाकले, आणि बाईंनी किंचित लवून पुढील काम आरंभिले. सायंकाळी वस्त्र उतरविताना साखळीचा फासा गळपट्टीच्या रेशमात असा रुतलेला आढळला की, तो सोडविताना धागे ओढले जाऊन तेथे बोटभर चुणी पडली. दुकानदाराने तक्रारीचा चकार शब्द न काढता भरपाईचे दरपत्रक समोर ठेवले. रक्कम भाड्याहून अधिक होती. माझ्या मते वाजवीही होती.

किमोनोवर हार नसणे हे काही वैराग्याचे लक्षण नव्हे. कोफुन काळातील थडग्यांतून मागातामा नावाचे बाकदार मणी सापडतात, तेव्हा एके काळी ही मंडळीही कंठभूषणे वापरीत असत. परंतु पुढे कित्येक शतके शृंगाराचा सारा भर केसांतील कांझाशीवर, मानेच्या उघड्या पृष्ठभागावर आणि कमरेच्या ओबी नामक पट्ट्यावर राहिला. १८७६ साली तलवार बाळगण्यास मनाई करणारे फर्मान सुटल्यावर तलवारीचा साज घडविणाऱ्या अनेक कारागिरांनी ओबीच्या दोरीवर बसविण्याचे ओबीदोमे घडविण्यास आरंभ केला, आणि त्यांतील कलाकुसर पाहिली म्हणजे गळा मोकळा ठेवण्यात काही गमावले असे वाटत नाही. म्हणून किमोनो नेसण्यापूर्वी साखळी आपण होऊन उतरवावी, तबकाची वाट पाहू नये.

चहाच्या समारंभास जाताना तर अंगठी, घड्याळ व लांब साखळी बाहेरच ठेवून जावे. चहा पिऊन झाल्यावर पाहुण्याने ओणवे होऊन, कोपरे गुडघ्यांशी टेकवून, वाडगा जमिनीलगत धरून न्याहाळावयाचा असतो. अशा वेळी लोंबणारी साखळी थेट त्याच्या काठावर आपटते, आणि तो वाडगा यजमानाच्या पणज्याच्या हातचा असण्याचा संभव असतो.

अंत्यविधीस मोत्यांचा एकपदरी सर चालतो, दुपदरी नाही. दुःखावर दुःख असा त्याचा अर्थ घेतला जातो. चकाकणारे सोने तेथे वर्ज्य, लग्नाच्या अंगठीस तेवढी मुभा. मंगळसूत्राविषयी आपल्या भगिनी मला वारंवार विचारतात. ते काढण्याचे काही कारण नाही, परंतु बंद गळ्याचा काळा पोषाख करून ते आत राहील अशी तजवीज अवश्य करावी.

पुरुषांच्या जाड गोफाबद्दल दोन शब्द पुरेत. किहेई म्हणून ओळखली जाणारी सोन्याची जाड साखळी तेथेही विकली जाते, पण ती सदऱ्याबाहेर मिरविणारा इसम गुंडांच्या टोळीतला असावा, असा संशय जुन्या पिढीस चटकन येतो. कचेरीत ती आतच बरी. तोक्योतील तरुणाईच्या हाराजुकू भागात, ताकेशिता गल्लीत मात्र पाकिटाची साखळी गुडघ्यापर्यंत लोंबू द्या, कोणी वळूनही पाहणार नाही. परतीच्या आगगाडीत तिचा खणखणाट होऊ नये म्हणून ती खिशात घालावी, एवढेच.

उष्णोदकाच्या कुंडात उतरताना गळा रिकामाच हवा. कुसात्सुसारख्या ठिकाणी पाण्यातील गंधकाने चांदी घटकाभरात काळवंडते, आणि हिणकस सोन्याचीही तीच गत होते. कपड्यांच्या टोपलीत साखळी उघडी न टाकता कुलपाच्या कप्प्यात ठेवावी, आणि किल्लीचे कडे मनगटात अडकवावे.