दायमाबादच्या पांढरीची साक्ष

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर दायमाबाद हे ओसाड गाव आहे. प्राचीन नगरीचे अवशेष म्हटले की उभे तट, बंदराचे धक्के किंवा कातळात खोदलेल्या समाध्या डोळ्यांसमोर येतात. त्या अपेक्षेने येथे येणाऱ्याची निराशाच होईल. दिसते ते केवळ नदीकाठचे पांढरीचे टेकाड. मात्र त्यात पाच मीटरांहून अधिक जाडीचे थर असून इ. स. पूर्व सुमारे २२०० ते १००० या काळातील सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे अशा पाच संस्कृतींच्या वस्त्यांचे अवशेष त्यांत आढळले आहेत. यांपैकी जोर्वे हे नाव याच जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यातील गावाचे होय.

बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये हे स्थळ शोधले. त्यानंतर म. न. देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी यांनी १९७९ पर्यंत टप्प्याटप्प्याने येथे उत्खनन केले. राव यांनीच पूर्वी गुजरातेतील लोथल हे हडप्पाकालीन बंदर उजेडात आणले होते. दायमाबाद समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. तरीही सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा येथे सापडल्या, हे विशेष.

त्याच थरात एक दफन मिळाले. खड्ड्याला कच्च्या विटांचे अस्तर होते आणि मृतदेह बहुधा बोरूसारख्या तंतुमय वनस्पतीने झाकला होता. जोर्वे काळात रीत पालटली. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. मुलाला घरापासून दूर न नेण्याची ही भावना आजच्या वाचकालाही परकी वाटू नये.

या दफनांचा काळ थरावरून ठरतो. दायमाबादच्या सर्वांत प्रसिद्ध वस्तूंबाबत मात्र तसे झाले नाही. १९७४ मध्ये एका स्थानिक भिल्ल ग्रामस्थास झाडाच्या मुळाशी खणताना चार भरीव कांस्यशिल्पे मिळाली: बैलजोडीचा रथ व त्यात उभा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकूण वजन साठ किलोग्रॅमहून अधिक! ती उत्तर हडप्पाकालीन असल्याचे उत्खननकारांचे मत आहे. धातूत एक टक्क्याहून अधिक सोमल आढळल्याने काही अभ्यासकांना ते मान्य नाही. शिल्पे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थरातून निघाली असती, तर हा वाद बराचसा टळला असता. साळी यांनी नंतर त्या जागी उत्खनन केले. परंतु वस्तू तेथून आधीच हललेल्या होत्या.

शाळेची सहल येथे नेणाऱ्या शिक्षकांनी म्हणूनच एक पथ्य पाळावे. लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली खापरे विद्यार्थ्यांना जागेवरच दाखवावीत, शाळेच्या कपाटासाठी गोळा करू नयेत. पंचायत सदस्यांच्या दृष्टीने टेकाडाची माती भरावासाठी नेली जाणार नाही हे पाहणे अधिक महत्त्वाचे, कारण ट्रॉलीभर मातीबरोबर एखादे शतक नाहीसे होऊ शकते. शेतात पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास खणणे थांबवून, ती हलविण्यापूर्वी तहसील कार्यालयास कळवावे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा निधीची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे.