तबकडी बदलावी, पण एकेक

समजा, बीड जिल्ह्यातील दिंद्रुडच्या एखाद्या शाळेने वीस वर्षांचे निकाल, दाखल्यांच्या नोंदी व छायाचित्रे एका सर्व्हरवर साठविली आहेत. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरविणारा संगणक. त्यात प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार तबकड्या, म्हणजे डिस्क, आहेत. जागा संपत आली, म्हणून ८ टेराबाइटच्या चार नव्या तबकड्या आणल्या. आता एकही नोंद न गमावता, आणि जमल्यास सर्व्हर चालू ठेवूनच, त्या कशा बसवायच्या?

उत्तरासाठी चार वाट्या आणि ज्वारीचे चार दाणे पुरेत. पहिल्या तीन वाट्यांपैकी हव्या त्या वाटीत एक दाणा टाका, हवी ती रिकामी ठेवा. चौथीत मात्र नियमाने वागायचे: चारही वाट्यांतील दाण्यांची बेरीज सम झाली पाहिजे. आता तुमची पाठ असताना मित्राला कोणतीही एक वाटी झाकू द्या. उरलेले दाणे मोजा. बेरीज विषम असेल तर झाकलेल्या वाटीत दाणा आहे. सम असेल तर ती रिकामी आहे. दोन वाट्या झाकल्या, तर मात्र हात टेकावे लागतात!

दाणा म्हणजे १, रिकामी वाटी म्हणजे ०. चौथ्या वाटीतील बिटाला पॅरिटी म्हणतात. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये अशा तबकडी-समूहांची पद्धतशीर मांडणी केली; ‘रेड’ हे नाव त्यांचेच. त्यातील पाचव्या प्रकारात पॅरिटी सर्व तबकड्यांवर वाटून ठेवतात. म्हणून आपल्या १६ पैकी १२ टेराबाइटच वापरता येतात.

आता कृती सुचलीच असेल. एक जुनी तबकडी काढायची, तिच्या जागी नवी बसवायची. सर्व्हर उरलेल्या तिन्ही वाचून हरवलेला प्रत्येक बिट काढतो आणि नवीवर लिहितो. हे काम पूर्ण झाल्याचा संदेश आल्यावरच दुसरीला हात लावायचा. काढण्यापूर्वी तबकडीवरील अनुक्रमांक पडद्यावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. एक तबकडी बाहेर असताना चुकून भलतीच ओढली, की दोन वाट्या झाकल्या गेल्या!

खरा धोका या मधल्या वेळात असतो. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने ४ टेराबाइट लिहायला सुमारे साडेसात तास लागतात, आणि हे चार वेळा. तेवढा वेळ समूहाला कसलाच आधार नसतो. शिवाय प्रत्येक खेपेस १२ टेराबाइट, म्हणजे ९६ लाख कोटी बिट वाचावे लागतात. घरगुती वापराच्या कित्येक तबकड्यांच्या माहितीपत्रकात १०० लाख कोटी बिटांमागे न वाचता येणारी एक चूक, अशी मर्यादा दिलेली असते. प्रत्यक्षात तबकड्या बहुधा याहून बऱ्या वागतात. पण त्यावर विसंबून शाळेच्या नोंदी पणाला लावू नयेत.

म्हणून आधी चारही जुन्या तबकड्या पूर्ण वाचून तपासाव्यात. त्याहीआधी सर्व माहितीची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवून ती उघडते का, हे पाहावे. ‘रेड’ आहे तर प्रत कशाला, असे पुष्कळांना वाटते. परंतु कोणी चुकून निकालाची फाइल पुसली, तर समूह ती चारही तबकड्यांवरून इमानाने पुसतो! वीज जाईल म्हणून यूपीएसही हवाच.

काढलेली जुनी तबकडी परत बसवून वेळ मागे नेता येत नाही, हेही ध्यानात घ्या. दरम्यान शाळेने नव्या नोंदी केलेल्या असतात, त्यामुळे तिच्यावरील बिटांचा इतरांशी मेळ उरत नाही.

तीन नव्या तबकड्या बसल्या तरी जागा १२ टेराबाइटच राहते, कारण समूह सर्वांत लहान तबकडीच्या मापाने चालतो. चौथी बसून भरली, की समूह वाढविण्याची आज्ञा द्यायची, मग त्यावरील फाइल-व्यवस्थाही वाढवायची. तेव्हा २४ टेराबाइट मिळतात.

‘रेड’च्या सहाव्या प्रकारात दोन तबकड्या गेल्या तरी माहिती वाचते. तेथे दोन वेगळे हिशेब ठेवतात. पाचवी वाटी घेऊन तीतही तोच सम बेरजेचा नियम लावला, तर का भागणार नाही? करून पाहा.